हाताचें वळण : दासबोधांतील एका समासाच्या निमित्तानें

दासबोधाचें नित्य वाचन करणारीं कुटुंबें महाराष्ट्रांत अजून पुष्कळ आहेत. पण एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्या समासापाशीं थांबून विचार करणारा वाचक मला क्वचितच भेटला आहे. वीस दशक आणि दोनशें समास यांच्या त्या विस्तीर्ण ग्रंथांत माया, ब्रह्म, विवेक, राजकारण अशा भारदस्त विषयांची दाटी आहे. तिच्यांतून वाट काढीत आपण एकोणिसाव्या दशकाशीं येऊन पोंचतों, तों समर्थ एकाएकीं अक्षर कसें काढावें, कागद कसा आंखावा, बोरू कोणते निवडावे आणि लिहून झालेली पोथी मेणकापडांत बांधून पेटींत कशी जपावी, हें सांगूं लागतात. समासाचें नांवच ‘लेखनक्रियानिरूपण’. व्यवहारदक्ष संताच्या व्यवहारदक्षतेचा आणखी एक दाखला, एवढें म्हणून वाचक पान उलटतो.

मीहि तेंच केलें होतें. नव्हे, त्याहून वाईट केलें होतें. वीस वर्षांपूर्वीं एका साहित्यमंडळापुढें बोलतांना मीं हा समास ‘कारकुनी’ ठरविला, आणि ज्या लेखणींतून करुणाष्टकें उतरलीं तिला असल्या यादींत कां शिणवावें, असा प्रश्न टाकून श्रोत्यांना हंसविलें. श्रोत्यांत माझे वडील बसले होते. बुलढाणा जिल्ह्यांत सिंदखेडराजाच्या तालुक्यांत दुसरबीड हें आमचें गांव. तेथें व आसपासच्या खेड्यांत प्राथमिक शिक्षक म्हणून त्यांची सारी हयात गेली. समर्थांचें जन्मस्थान जांब हें शेजारच्या जालना जिल्ह्यांतलें, म्हणून असेल किंवा स्वतःचें अक्षर फार सुरेख होतें म्हणून असेल, या समासावर त्यांचें विशेष प्रेम होतें. व्याख्यान संपल्यावर त्यांनीं वाद घातला नाहीं. एस. टी.ची वाट पाहत उभे असतां एवढेंच म्हणाले, “तुझें अक्षर लावायला मला दीड वर्ष लागलें. तुला आठवतें कां रे?”

मला आठवत नव्हतें. मीं कांहीं तरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. तो प्रश्न त्या समासाची किल्ली आहे, हें कळायला मला पुढें बरीच वर्षें लागलीं. आणि हा लेख म्हणजे त्या व्याख्यानाची उशिरां केलेली दुरुस्ती आहे.

आपल्यापैकीं कोणालाच तें आठवत नाहीं. पाटीवर पहिला ‘श’ जमला तो दिवस, वेलांटी नेहमीं उलटी पडत असे ते आठवडे, आपल्या मुठीवर ठेवलेली दुसऱ्याची मोठी मूठ, हें सर्व घडलें असलेंच पाहिजे. कारण त्यावांचून आज आपण लिहूं शकलों नसतों. परंतु त्या घडल्याची आठवण पुसून गेली आहे आणि विद्या तेवढी शिल्लक राहिली आहे. शाळेंत पाठ केलेली कविता विसरली तर ती गेली. अक्षराची गोष्ट तशी नाहीं. तें शिकल्याचा सारा इतिहास विसरूनहि अक्षर जात नाहीं.

या दोहोंची घरें मेंदूंत निराळीं आहेत, हें एका दुर्दैवी माणसामुळें जगाला कळलें. हेन्री मोलेसन या सत्तावीस वर्षांच्या अमेरिकन तरुणावर १९५३ सालीं अपस्माराचे झटके थांबविण्यासाठीं शस्त्रक्रिया करण्यांत आली आणि मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आंतला कांहीं भाग काढून टाकण्यांत आला. झटके बरेच कमी झाले, पण त्या दिवसापासून नवी आठवण म्हणून त्याच्या मनांत टिकेना. भेटलेला माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला, तर तो त्याला अनोळखी वाटे. ब्रेंडा मिल्नर या विदुषीनें त्याला एक काम दिलें: आरशांत पाहून, दुहेरी रेघांनीं काढलेल्या ताऱ्याच्या आकृतीच्या मधल्या अरुंद वाटेंतून पेन्सिल फिरवायची. आरशांत सारें उलटें दिसत असल्यामुळें हात भलतीकडेच धांवतो. प्रथम कोणालाहि तें जमत नाहीं. मोलेसन तीन दिवस तें करीत राहिला. प्रत्येक दिवशीं, आपण हें पूर्वीं कधीं केलेलेंच नाहीं अशी त्याची खात्री असे. आणि प्रत्येक दिवशीं त्याचा हात आदल्या दिवसाहून कमी चुके. मिल्नरबाईंनीं हा वृत्तांत १९६२ सालीं प्रसिद्ध केला. मोलेसन २००८ सालीं वारला, तोंपर्यंत शास्त्रीय ग्रंथांत तो केवळ ‘एच. एम.’ या दोन अक्षरांनीं ओळखला जात होता. हाताच्या शिक्षणाची आठवण नसणें हें त्याचें दुर्दैव खरें, पण त्या एका बाबतींत आपण सारे थोडेबहुत ‘एच. एम.’च आहों.

आतां समास पुन्हां वाचूं. समर्थ प्रथम अक्षराचे गुण सांगतात. अक्षर वाटोळें, सरळ आणि मोकळें असावें, शाई काळीभोर असावी, ओळी मोत्यांच्या सरांसारख्या चालाव्या. काने, मात्रा, वेलांट्या जागच्या जागीं असाव्या. एका ओळीची वेलांटी दुसरीला टोंचूं नये. इथवर कोणताहि पंतोजी सांगेल. मग एक मागणी येते, तिच्यापाशीं मीं वीस वर्षांपूर्वीं थांबायला हवें होतें. ग्रंथाच्या आरंभीं जें अक्षर काढलें तेंच ग्रंथ संपेपर्यंत दिसत राहावें, आणि सारें पुस्तक एकाच टांकानें लिहिल्यासारखें वाटावें, असें ते म्हणतात.

ही मागणी ज्यानें मोठा ग्रंथ स्वतः उतरून काढला नाहीं त्याला सुचायची नाहीं. समर्थांच्या हातची म्हणून मानली गेलेली वाल्मीकिरामायणाची प्रत धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरांत जपून ठेवलेली आहे. एवढा ग्रंथ लिहितांना किती बोरू झिजले असतील, किती वेळां शाई नव्यानें केली असेल, मांडी किती वेळां बदलली असेल! बोरूचें टोंक झिजलें कीं रेघ जाड होते. शाई पातळ झाली कीं ती फुटते. सायंकाळीं मनगट जड होतें. अशा स्थितींत हात जर यंत्रासारखा तीच हालचाल करीत राहिला, तर अक्षर दर पानाला बदलत जाईल. अक्षर तेंच राहावयाचें असेल, तर हातानें प्रत्येक वेळीं थोडें निराळेंच कांहीं केलें पाहिजे. समर्थ सातत्य मागतात तें अक्षराचें; हालचालीचें नव्हे. हा भेद बारीक वाटेल, पण मानवी हालचालींच्या शास्त्राचा सारा डोलारा त्यावर उभा आहे.

तो भेद प्रयोगानें दाखविणारा पुरुष निकोलाय बर्नस्टाईन (१८९६–१९६६). मॉस्को येथें १९२० नंतरच्या दशकांत कामगारांच्या हालचालींचा अभ्यास करण्याचें काम त्याच्याकडे आलें. छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगारांच्या हाताला ठिकठिकाणीं लहान दिवे बांधून त्यानें वेगानें छायाचित्रें घेतलीं. मुरलेल्या कारागिराचा हात प्रत्येक घावाला अगदीं तसाच फिरत असला पाहिजे, असें आपण सहज समजूं. दिसलें तें निराळेंच. हातोड्याची वाट जवळजवळ तीच राहत होती. पण खांदा, कोंपर आणि मनगट हीं प्रत्येक घावाला निरनिराळीं वागत होतीं. खांदा थोडा कमी वळला तर कोंपर ती उणीव भरून काढी. तेव्हां सराव म्हणजे एकच उत्तर पुन्हां पुन्हां घोकणें नव्हे. एकच प्रश्न पुन्हां पुन्हां नव्यानें सोडविणें होय, असें बर्नस्टाईननें म्हटलें.

हा प्रश्न लहान नाहीं. खांद्यापासून मनगटापर्यंतच आपला हात सात प्रकारांनीं वळूं शकतो. बोटांचा हिशेब वेगळाच. समोरचा पेला उचलायला इतक्या वाटा उपलब्ध असतात कीं, मेंदूची अडचण वाट नसण्याची नसून वाटा फार असण्याची आहे. नवशिका यांतून एक ओबडधोबड मार्ग काढतो: तो सांधे आवळून धरतो. पाटीवर प्रथम लिहिणारें पोर पाहा. पेन्सिल मुठींत गच्च, मान तिरपी, जीभ दांतांत, आणि ‘अ’ काढतांना सारा हात खांद्यापासून फिरतो आहे. माझे वडील मुलांना अक्षराविषयीं फार कमी बोलत. त्यांचें पालुपद एकच असे, “मूठ ढिली कर.” बर्नस्टाईनचें नांव त्यांनीं ऐकलें नव्हतें. शिकणें म्हणजे बांधलेले सांधे एकामागून एक मोकळे करीत जाणें, हें मात्र त्यांना ठाऊक होतें.

मीं तीस वर्षें फळ्यावर लिहीत आलों आहें, पण स्वतःच्याच हाताखालीं घडणारा एक चमत्कार माझ्या ध्यानांत आला नव्हता. वहींत मीं जो ‘क्ष’ काढतों तो बोटांनीं आणि मनगटानें काढतों. फळ्यावर तोच ‘क्ष’ वीतभर होतो, आणि तेथें काम करतात खांदा व कोंपर. स्नायू निराळे, सांधे निराळे, हाताची ठेवणहि निराळी. तरीहि विद्यार्थी फळ्यावरचें आणि वहीवरचें अक्षर एकाच माणसाचें म्हणून ओळखतात. याचा अर्थ, ज्याला आपण ‘हाताचें वळण’ म्हणतों तें हातांत नसतेंच. आकाराची कल्पना मेंदूंत वर कोठें तरी राहते. आणि ती कोणत्या अवयवानें उतरवायची, हें त्या त्या वेळीं ठरतें. या दृष्टीनें ‘अंगवळणीं पडणें’ हा आपला वाक्प्रचार अधिक नेमका म्हटला पाहिजे. तो वळणाला एका अवयवांत कोंडीत नाहीं.

येथवर समासाची बाजू घेतली. आतां त्यांतील उणीव सांगितली पाहिजे, नाहीं तर ही टीका न राहतां आरती होईल. समर्थ सिद्ध झालेल्या अक्षराचें वर्णन करतात. तें सिद्ध होतांना काय होतें, हें ते सांगत नाहींत. आरंभीं ‘घडसून’ असा एक शब्द येतो. घडवून, घांसून, वळण लावून, असा त्याचा भाव आहे, आणि सारी शिकण्याची क्रिया त्या एका शब्दांत मिटवून ते पुढें जातात. पुढें तर, शोधूं गेलें तरी चूक सांपडूं नये, अशी ते अपेक्षा करतात. तयार पोथीविषयीं ती योग्यच आहे. परंतु शिकणाऱ्या हाताचें अन्न चूक हेंच असतें. ज्या समासांत चुकीला प्रवेशच नाहीं त्यांत शिक्षणाचें वर्णन अपुरें राहणार, हें उघड आहे.

या बाबतींत आधुनिक विज्ञान समर्थांच्या पुष्कळ पुढें गेलें आहे. मेंदूच्या मागच्या बाजूला, खालीं, लहान मेंदू म्हणून एक भाग असतो. वजनानें तो साऱ्या मेंदूच्या सुमारें एकदशांश भरेल. पण मनुष्याच्या मेंदूंतील सुमारें ८६ अब्ज मज्जापेशींपैकीं जवळजवळ चार पंचमांश पेशी त्यांत दाटीवाटीनें बसलेल्या आहेत, असें २००९ सालीं झालेल्या मोजणींत आढळलें. हालचालीचा हुकूम स्नायूंकडे निघतो तेव्हां त्याची एक नक्कलहि काढली जाते, आणि तिच्यावरून, आतां काय घडेल, हात कोठें पोंचेल, स्पर्श कसा लागेल, याचें भाकीत आधींच बांधलें जातें. मग प्रत्यक्ष घडलेलें आणि भाकीत केलेलें यांची तुलना होते. फरक पडला तर तो फरकच पुढच्या वेळचें भाकीत सुधारतो. लहान मेंदूंतील जोडण्या चुकीच्या निरोपांनीं अशा बदलत असाव्यात, ही उपपत्ति डेव्हिड मार या तरुण इंग्रज शास्त्रज्ञानें १९६९ सालीं मांडली. तिचा तपशील पुढें पुष्कळ बदलला, पण मूळ कल्पना टिकून आहे. स्वतःच्या हातानें स्वतःला गुदगुल्या होत नाहींत, याचें कारणहि हेंच आहे. होणाऱ्या स्पर्शाचें भाकीत मेंदूनें आधींच केलेलें असतें, म्हणून त्याची नवलाई उरत नाहीं. १९९८ सालीं लंडनच्या संशोधकांनीं मेंदूच्या चित्रांवरून हें दाखवून दिलें. गुदगुल्यांवर शास्त्रीय निबंध लिहिण्याचें धैर्य आपल्याकडे किती पंडितांना होईल, कोण जाणे!

भाकिताची ही गरज कां पडते, तें मला प्रयोगशाळेच्या वर्णनांतून पटलें नाहीं. तें पटलें दुसरबीडच्या एका शेतांतल्या आठवणीनें. डोळ्यांनीं दिलेली बातमी मेंदूपर्यंत जाऊन तिच्यावरून हाताचा हुकूम फिरायला सेकंदाचा दहावा ते पांचवा भाग लागतो. चालत्या कामांत एवढा उशीर परवडत नाहीं. माझ्या लहानपणीं मृगाचा पाऊस झाला कीं आमच्याकडे तिफण जुंपली जाई. तिफणीला तीन फण, तिन्हींवर पोकळ नळ्या, आणि नळ्यांच्या माथ्यावर लांकडाचें चाडें. चाड्यावर मूठ धरण्याचें काम माझ्या आत्याबाईंचें. ओटींत बीं घेऊन त्या तिफणीमागून चालत, आणि मुठींतून बीं असें सोडीत कीं तिन्ही नळ्यांत सारखें पडावें. जोंधळ्याचा दाणा लहान, तो भसकन् निसटतो. मुगाचा गुळगुळीत, तो अडून मग एकदम पडतो. बैल कोठें ढेंकळांत अडखळत, कोठें उताराला भराभर चालत. मूठ बैलांच्या चालीशीं जुळती राहिली नाहीं, तर एकीकडे दाट आणि एकीकडे विरळ उगवे. आणि तें आठदहा दिवसांनीं साऱ्या गांवाला दिसे. पेरणाऱ्या बाईचें हस्ताक्षरच तें, शिवारावर उमटलेलें! बैल थबकल्याचें डोळ्यांनीं पाहून मग मूठ आवळायची म्हटलें, तर तोंवर चार दाणे जास्त पडून गेलेले असावयाचे. आत्याबाईंची मूठ बैल थबकण्याच्या किंचित् आधींच आवळली जाई. मीं एकदां विचारलें, तुम्हांला कसें कळतें? त्या हंसून म्हणाल्या, “हाताले समजते रे बाबू.”

आत्याबाईंना सही येत नव्हती. खानेसुमारीच्या कागदांत त्यांची गणना निरक्षरांत झाली असेल. त्यांच्या या उत्तराला मीं त्या वेळीं, आणि पुढें पदव्या घेतल्यावरहि पुष्कळ वर्षें, अडाण्याचें उत्तर समजत होतों. आतां पेरणीयंत्र ट्रॅक्टरला जोडून येतें आणि तासाभरांत रान मोकळें होतें. त्याबद्दल मला हळहळ नाहीं. चिखलांत दिवसभर चालणें काय असतें, तें चालणारीलाच ठाऊक. पण जी विद्या त्या मुठींत होती तिची नोंद आपल्या वाङ्मयानें कोठें केली आहे, असें शोधूं गेलें तर मन खिन्न होतें.

माझ्या वाचनांत जें मराठी वाङ्मय आलें त्यांत शेतकऱ्याचें कर्ज आहे, भूक आहे, त्याच्या बैलांवरचें प्रेम आहे, पावसाची वाट पाहणें आहे. त्याचें कसब एक विद्या म्हणून फार थोड्यांनीं पाहिलें. याचें एक कारण मला आपल्या ‘अभ्यास’ या शब्दाच्या इतिहासांत दिसतें. ज्ञानेश्वरांनीं बाराव्या अध्यायांत अभ्यासाचा महिमा गातांना मोठे अद्भुत दाखले दिले आहेत: अभ्यासानें कोणी आकाशांत गति मिळवितो, कोणी वाघसापांना वळवितो, विष पचवितो, समुद्रावर पायवाट करतो. तेथें त्यांचा हेतु चित्त ईश्वराच्या ठिकाणीं स्थिर करण्याचा आहे, आणि त्या हेतूला हे दाखले अगदीं शोभतात. दोष ज्ञानेश्वरांचा नाहीं. आपण मात्र त्यावरून अभ्यास म्हणजे निर्धार, अभ्यास म्हणजे सहनशक्ति, अभ्यास म्हणजे एक नैतिक गुण, असें समीकरण बांधून टाकलें. ज्याला जमत नाहीं तो आळशी, आणि ज्याला जमलें तो जिद्दीचा! जमतांना आंत काय घडतें, हें विचारण्याचें मग कारणच उरलें नाहीं. त्यांत ‘डोक्याचें काम’ आणि ‘अंगमेहनत’ अशी आपल्या समाजाची जुनी वांटणी येऊन मिळाली. लहान मेंदूंतील त्या दाटीला ही वांटणी मान्य नाहीं.

या पार्श्वभूमीवर समर्थांचा समास मला आज एकाकी आणि म्हणूनच मोलाचा वाटतो. शरीर पुष्कळ कष्टवावें, हा उपदेश तेहि करतात. पण तेवढ्यावर न थांबतां, बोरू घट्ट, बारीक आणि सरळ निवडावे, कागदाला खळ देऊन तो घोंटावा, पानाला शिशानें रेघा आंखाव्या, कडेची जागा सोडावी म्हणजे कागद झडला तरी अक्षर झडणार नाहीं, असे हाताच्या पातळीवर उतरतात. कौशल्य इच्छेवर जितकें तितकेंच साधनांवर आणि मांडणीवर अवलंबून असतें, असें मानणारा मनुष्यच हें लिहूं शकतो.

आपल्या भाषेंत याच जातीचा दुसरा मोठा उद्योग पाहावयाचा तर बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनीं संपादित केलेल्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’कडे जावें लागतें. त्याचे दहा खंड १९३६ ते १९४९ या काळांत बाहेर पडले. एवढ्या चिकाटीनें शरीराच्या विद्येचें कोशकार्य दुसऱ्या कोणी केल्याचें मला माहीत नाहीं, आणि सुशिक्षित घरांतील पुस्तकांच्या कपाटांत तो फारसा आढळत नाहीं, हें आपल्या रुचीवरचें भाष्यच आहे. तरी त्याचीहि मर्यादा समासासारखीच आहे. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनीं ज्या मल्लखांबाला नवें रूप दिलें, त्याची एखादी उडी समजावून सांगतांना कोशकाराला आधींची स्थिति आणि नंतरची स्थिति दाखवितां येते. मधली उडी मात्र दोन चित्रांच्या मध्यें राहून जाते. ती कागदावर कशी यावी? आमच्या वऱ्हाडांत अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून हेंच काम करीत आलें आहे, आणि १९३६ सालीं त्याच्या पथकानें बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं आपले देशी खेळ दाखविले. तेथील किंवा कोणत्याहि तालमींतील उस्ताद शिकवितांना पाहा. तो व्याख्यान देत नाहीं. खाली उभा राहून आधाराला हात पुढें धरतो, पोर घसरतें, तो झेलतो, आणि म्हणतो, “पुन्हां.”

अमक्या मर्यादेपर्यंत झेलावें आणि मग हात काढून घ्यावा, हें त्या उस्तादाचें शहाणपण. याच कसोटीवर आपला कित्ता घासून पाहण्यासारखा आहे. ठिपक्यांवरून अक्षर गिरविण्यांत चूक होण्याची सोयच नसते. हात ठरलेल्या खांचेंतून जातो आणि खांच काढून घेतली कीं गोंधळतो. शिकणाऱ्याला एकसारखी मदत मिळत राहिली तर त्या वेळीं काम चांगलें होतें, पण शिकणें कच्चें राहतें, असें १९८० नंतरच्या दशकांतील संशोधकांनीं पुष्कळ प्रयोग तपासून म्हटलें. त्याच्याहि आधीं, १९७९ सालीं शे आणि मॉर्गन या दोघांनीं दाखविलें कीं, तीन हालचाली एकामागून एक घोटून घेण्यापेक्षां मिसळून केल्या तर सरावाच्या वेळीं चुका अधिक होतात, पण पुढें त्याच अधिक टिकतात. ‘क’ची एक सबंध ओळ, मग ‘ख’ची एक सबंध ओळ, या आपल्या शाळेंतल्या शिस्तीला हें मानवणारें नाहीं.

मग समर्थांनीं सांगितलेल्या शिशाच्या रेघांचें काय? त्याहि मदतच नव्हेत कां? मला वाटतें, नव्हेत. किंवा निराळ्या जातीची मदत आहेत. आंखलेली रेघ अक्षर काढून देत नाहीं. अक्षर तिच्यापासून किती घसरलें तेवढें ती डोळ्यांना दाखविते. कित्ता चूक होऊं देत नाहीं; रेघ झालेली चूक उघडी करते. समासांत चुकीला जागा नाहीं असें मीं वर म्हटलें. ती जागा कदाचित् या रेघेंत असेल. समर्थांनीं मात्र ती अक्षराच्या टापटिपीसाठीं सांगितली आहे, शिकविण्यासाठीं नव्हे, हें विसरतां कामा नये.

हें मुद्दाम सांगण्याचें कारण असें कीं, हल्लीं कोणताहि शोध लागला कीं तो आमच्या ग्रंथांत आधींच होता असें म्हणणारा एक वर्ग तयार असतो. समर्थांना लहान मेंदूची खबर नव्हती. ती असण्याचें कारणहि नव्हतें. त्यांच्या माथीं आजचें विज्ञान मारणें हा त्यांचा गौरव नव्हे, त्यांना नीट न वाचण्याची ती सबब आहे. त्यांच्याजवळ होता तो एका लिहिणाऱ्याचा अनुभव, आणि तो क्षुल्लक न मानतां ग्रंथांत घालण्याचा धीटपणा. ज्याला मीं ‘कारकुनी’ म्हटलें तें हेंच.

एका जागीं तर हा अनुभव फार हळवा होतो. तरुणपणीं फार बारीक लिहिण्याची हौस धरूं नये, म्हातारपणीं ती कामाची नाहीं, मध्यम अक्षराचीच संवय करावी, असें ते सांगतात. आपलाच हात पुढें आपल्याला सोडून जाणार आहे हें ओळखून तरुण हाताला दिलेली ही सूचना आहे. म्हातारपणीं डोळा मंदावतो, हात कांपतो. जेम्स पार्किन्सन यानें १८१७ सालीं ज्या कंपवाताचें वर्णन केलें त्यांत तर निराळीच तऱ्हा होते: रोगी मनांत मोठें अक्षर धरून आरंभ करतो आणि ओळीच्या शेवटीं पोंचतां पोंचतां तें त्याच्या नकळत मुंगीएवढें होऊन जातें. मेंदूच्या गाभ्यांतील कांहीं पेशी मेल्यामुळें हालचालीचें माप आखडतें. त्यालाच मोठ्या अंतरावर ठळक रेघा आंखून दिल्या तर पुष्कळदां अक्षर पुन्हां मोठें निघतें.

माझ्या वडिलांना कंपवात झाला नाहीं. सात वर्षांपूर्वीं त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. सुदैवानें वाचा राहिली. उजव्या हाताचीं बोटें पुन्हां लेखणी धरण्याजोगीं झालीं नाहींत. महिना दोन महिने ते त्या हाताकडे परक्याच्या वस्तूकडे पाहावें तसे पाहत बसत. मग एक दिवस त्यांनीं मला वही आणायला सांगितली. मीं बाजारांतून नातवंडांसाठीं असते तशी ठिपक्यांच्या अक्षरांची वही आणली, कारण डाव्या हातानें कधीं न लिहिलेल्या माणसाला तीच सोयीची, असा माझा समज. त्यांनीं ती उघडून पाहिली आणि बाजूला ठेवली. “कोरा कागद आण,” ते म्हणाले, “आणि पेन्सिलीनें आंखून दे. ओळी दूर दूर आंख.”

मीं आंखून दिलें. मला सरळ रेघा काढायलाहि त्यांनीं दोनदां लावल्या. पहिले कित्येक दिवस त्या कागदावर ओरखडे होते. अक्षर ओळ सोडून वर चढे, ते थांबत, पाहत, पुन्हां काढीत. मीं मुठीला आधार द्यायला हात पुढें केला, तो त्यांनीं दूर केला. तिसऱ्या महिन्यांत त्यांनीं पुरी एक ओळ लिहिली: आपलें नांव आणि पुढें ‘मु. पो. दुसरबीड’. अक्षरें लिंबाएवढालीं होतीं आणि रेघ थरथरलेली होती. पण ‘ड’ची शेपटी खालीं जाऊन डावीकडे हलकेंच उचललेली होती, जशी ती चाळीस वर्षें फळ्यावर उचलली जात असे, आणि जशी ती माझ्या ‘ड’मध्येंहि उचलली जाते. तो कागद मीं माझ्या दासबोधांत एकोणिसाव्या दशकापाशीं ठेवला आहे. पानाच्या चारी कडांना त्यांनीं दोन बोटें जागा सोडली आहे.